टीडीएस मीटर: खाऱ्या विहिरीसाठी चांगला, पिण्याच्या पाण्यासाठी अपुरा

म्हापशाच्या बाजारात काहीशे रुपयांना मिळणारा पेनाच्या आकाराचा टीडीएस मीटर मी उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत घरची विहीर, नळ आणि शेजाऱ्यांच्या विहिरी यांवर वापरून पाहिला. उपकरण म्हणून तो किमतीच्या मानाने उत्तम आहे. मात्र त्याच्यासोबत येणारी माहितीपत्रिका मीटरवरच्या आकड्याचा जो अर्थ सांगते, म्हणजे आकडा हिरव्या पट्ट्यात बसला की पाणी पिण्याजोगे, तो रसायनशास्त्राला मान्य होण्यासारखा नाही.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या घन पदार्थांचे एकूण प्रमाण. प्रयोगशाळेत ते काढताना पाणी बारीक गाळणीतून गाळतात, सुमारे 180 अंश सेल्सिअसला पूर्ण आटवतात आणि मागे राहिलेला अवशेष तोलून दर लिटरमागे किती मिलिग्रॅम भरला ते नोंदवतात. खिशातला मीटर यातले काहीच करत नाही. त्याच्या टोकाच्या दोन पिनांमधून पाण्यात अल्प वीजप्रवाह सोडला जातो, पाण्याची विद्युतवाहकता मोजली जाते आणि तिला एका ठरावीक गुणकाने गुणून येणारा आकडा पडद्यावर पीपीएम (दशलक्ष भागांत किती भाग, म्हणजे पाण्यासाठी साधारण लिटरमागे तितके मिलिग्रॅम) म्हणून दाखवला जातो. हा गुणक साधारण 0.5 ते 0.7 असतो आणि तो कोणता धरला आहे हे माझ्या मीटरच्या खोक्यावर कुठेही छापलेले नाही. याचा परिणाम किरकोळ नाही. पोटॅशियम क्लोराइडच्या 0.01 मोलर प्रमाण द्रावणाची वाहकता 25 अंशांना 1413 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते, 0.5 गुणकाचा मीटर त्यासाठी सुमारे 706 दाखवील, 0.7 गुणकाचा 989, आणि प्रत्यक्षात त्या द्रावणात लिटरमागे सुमारे 745 मिलिग्रॅम क्षार असतो. त्यामुळे दोन घरांतल्या दोन वेगळ्या मीटरांचे आकडे शेजारी ठेवून वाद घालण्यात अर्थ नाही.

पाण्यात वीज वाहून नेतात ते आयन, म्हणजे विद्युतभारित कण, हे ध्यानात घेतले की मीटरची मर्यादा सहज उलगडते. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम मीठ विरघळवल्यावर आकडा हजाराच्या आसपास चढतो, तर तेवढीच साखर घातल्यावर तो जवळपास जागचा हलत नाही, कारण साखर विरघळते पण तिचे आयन होत नाहीत. जिवाणू, कीटकनाशके यांचाही त्याला पत्ता लागत नाही. शिशाची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे, आणि एक-एक पीपीएमने पुढे सरकणाऱ्या पडद्यावर ती दिसणे शक्यच नाही.

गोव्यात हा मुद्दा पावसाळ्यात अधिकच गंभीर होतो. जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी मुळातच मृदू आणि कमी क्षारांचे असते, बहुधा किंचित आम्लधर्मीही असते, आणि पावसाचे पाणी मिसळले की मीटरवरचा आकडा आणखी खाली येतो. नेमक्या याच दिवसांत शोषखड्ड्यांतील आणि अंगणातील घाण जांभ्याच्या भेगांतून विहिरीत उतरण्याची भीती सर्वाधिक असते. माहितीपत्रिकेतल्या हिरव्या पट्ट्यात बसणारे पाणी त्यामुळे उकळल्याशिवाय पिण्याजोगे नसू शकते. ही पत्रिका मी सरळ कचऱ्यात टाकली. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा 500 मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 अशी आहे, पण त्याच मानकात 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात आढळता कामा नये, अशीही अट आहे. आपल्याकडे चर्चा मात्र पहिल्याच अटीची होते.

याचा फायदा आरओ यंत्रांचे विक्रेते घेतात. मीटर दाखवून झाला की काही जण पाण्यात लोखंडी कांड्यांचे विजेवर चालणारे साधन बुडवतात. नळाचे पाणी तपकिरी होते, आरओचे स्वच्छ राहते आणि घरातली माणसे धास्तावतात. तो तपकिरी रंग कांड्यांतल्या लोखंडाचा असतो. नळाच्या पाण्यात क्षार असल्याने वीज वाहते आणि लोखंड झिजते, आरओच्या पाण्यात ती फारशी वाहत नाही, एवढेच. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये, टीडीएस 500 पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी आरओच्या वापरास बंदी घालावी, असे निर्देश पर्यावरण मंत्रालयाला दिले होते, हे विक्रेत्याला विचारून पाहण्यासारखे आहे.

एवढे असूनही मी हा मीटर विकत घ्या असेच सांगेन, पण खाजनालगतच्या (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीलगतच्या), खाडीकाठच्या आणि किनारपट्टीच्या गावांतल्या लोकांना. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे विहिरीत त्याचा अल्प शिरकाव झाला तरी आकडा ठळकपणे वाढतो. एप्रिल-मे महिन्यांत पंप जास्त चालवल्यावर किंवा मानशीची (खाजनाच्या बांधातल्या, भरतीचे पाणी अडवणाऱ्या दाराची) फळी गळू लागल्यावर पाणी खारावते, ते जिभेला कळण्याआधी हा मीटर दाखवतो, आणि माडांना वा परसातल्या भाजीला पाणी द्यावे की नाही हे ठरवता येते. अशा वापरात खरा आकडा किती याला महत्त्व नसते. त्याच विहिरीचा, त्याच मीटरने, त्याच वेळी घेतलेला आकडा गेल्या आठवड्यापेक्षा किती बदलला, एवढेच पाहायचे असते.

पिना रेषेपर्यंत बुडवून हलक्या हाताने ढवळावे म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात, आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबावे. तापमानाची दुरुस्ती मीटर स्वतः करतो, तरीही गरम पाण्यात तो बुडवू नये. खाऱ्या पाण्यातून काढल्यावर पिना ऊर्ध्वपातित पाण्याने धुवाव्यात, नाहीतर पुढचे वाचन फुगते. तपासणीचे प्रमाण द्रावण खोक्यात मिळत नाही, ते वेगळे विकत आणावे लागते. पाणी पिण्यालायक आहे का, हा प्रश्न असेल तर निर्जंतुक बाटलीत नमुना घेऊन तो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावा.