सॅन डिएगो कॉमिक-कॉन: हॉल एचच्या नादी लागू नका, जुनी खोकी चाळा

तीन वर्षं नशीब आजमावल्यावर एकदाचे बॅज, म्हणजे प्रवेशाचे पास, लागले आणि लेकीबरोबर सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनला, म्हणजे कॉमिक्स आणि सिनेमांच्या मोठ्या जत्रेला, जाऊन आले. शुक्रवार आणि रविवार मिळाला. परत आल्यापासून आमच्या मंडळातले सगळे विचारतायत की एवढा खर्च आणि एवढी पायपीट करण्यासारखं आहे का, म्हणून एकदाच काय ते लिहिते. आहे, शंभर टक्के आहे. पण बहुतेक लोक ज्यासाठी धावतात त्यासाठी मी तरी परत जाणार नाही, मी जाणार ते कॉमिक्ससाठी.

आधी बॅजचं सांगते कारण तिथेच सगळे अडकतात. दारावर तिकीट मिळत नाही. आधी मेंबर आयडी काढायचा, मग विक्रीच्या दिवशी ऑनलाइन वेटिंग रूममध्ये बसायचं आणि कॉम्प्युटर वाट्टेल तसे नंबर लावतो, त्यामुळे पहाटे उठून सगळ्यांच्या आधी लॉगिन केलं तरी काही फरक पडत नाही. आमचा नंबर येईपर्यंत शनिवारचे बॅज संपले होते. बॅज तुमच्या नावावरच असतो, दुसऱ्या कुणाला देता येत नाही, आत चिप असते आणि आत-बाहेर करताना दरवेळी टॅप करायचं. १२ वर्षांपर्यंतची मुलं मोठ्या माणसाबरोबर फुकट. माझी १४ ची, तिला ज्युनियरचा घेतला.

गाडी घेऊन जायचा विचार डोक्यातून काढा. आम्ही अर्वाइनहून ट्रेनने गेलो, पुढे बराच वेळ रूळ अगदी समुद्राला लागून आहेत, नुसत्या त्यासाठीसुद्धा ट्रेनने जावं. सांता फे डेपो स्टेशनला उतरून चालत कन्व्हेन्शन सेंटर, जत्रा तिथेच भरते, आणि चालायचं नसेल तर ट्रॉली, म्हणजे तिथली ट्राम, अगदी दारासमोर थांबते.

आता हॉल एच. मोठमोठ्या सिनेमांच्या घोषणा होतात तो हाच, साधारण साडेसहा हजार लोक बसतात. सकाळच्या पहिल्या कार्यक्रमाला आत सोडण्यासाठीचे रिस्टबँड (मनगटी पट्टे) आदल्या रात्रीच वाटतात आणि दोन कार्यक्रमांच्या मध्ये हॉल रिकामा करत नाहीत, म्हणजे सकाळी आत शिरलेला माणूस संध्याकाळपर्यंत खुर्ची धरून बसू शकतो. लेकीला जायचं होतं. आम्ही हॉलबाहेरच्या तंबूतली रांग बघितली, ती तिथून बाहेर पाण्याच्या कडेपर्यंत गेली होती, आणि तीच म्हणाली, "आई, यात दिवस जाईल, ट्रेलर रात्री फोनवर बघू." इतकं बरं वाटलं मला!

मग आम्ही सरळ हॉल ए आणि बी च्या बाजूला गेलो, जुन्या कॉमिक्सचे व्यापारी तिकडे बसतात. मधल्या भागात मोठ्या कंपन्यांचे झगमगीत स्टॉल आणि मुंगीला शिरायला जागा नाही अशी गर्दी, पण या टोकाला लांबच लांब पांढरी खोकी आणि शांतपणे एकेक अंक पुढे सारत उभी असलेली माणसं. आणि तिथे मला वेताळ भेटला.

ज्यांनी मराठीतून इंद्रजाल कॉमिक्स वाचलीयत त्यांना कळेल. साताऱ्याला मी आणि दादा एका अंकासाठी मारामारी करायचो, अर्धी पानं सुटी झालेली असायची तरी. इथे तोच वेताळ म्हणजे फँटम, १९६० च्या दशकातले गोल्ड की या प्रकाशनाचे अंक, ऑइल पेंटिंगसारखी मुखपृष्ठं, जांभळा पोशाख, कवटीची अंगठी. दुकानदार आजोबा म्हणाले ही जॉर्ज विल्सनची चित्रं. मी सांगितलं की आमच्याकडे हा मराठी बोलायचा आणि याचं नाव वेताळ, तर त्यांनी ते नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि स्वतः म्हणून बघितलं. फार जुना नसलेला एक अंक १२ डॉलरला घेतला, कोपरा थोडा फाटलाय, मला चालतंय. रात्री दादाला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर तो म्हणाला पहिलं पान वाच, मग मी वाचत वाचत मराठीत सांगत गेले आणि तो मध्ये एक शब्द बोलला नाही.

लेकीचं मन दुसऱ्या टोकाला, हॉल जी च्या बाजूच्या आर्टिस्ट्स अ‍ॅलीत रमलं. एकेका टेबलामागे चित्रकार स्वतः बसलेले, पैसे देऊन स्केच काढून घेता येतं आणि गर्दी नसेल तर गप्पाही होतात. एका बाईंनी तिची वही अख्खी चाळली आणि हाताचे पंजे लपवू नकोस, खिशात घालू नकोस, काढ, असं सांगितलं. तेव्हापासून घरात पंजेच पंजे काढून पडलेत.

शुक्रवारी रात्री आयझनर पुरस्कार असतात, कॉमिक्समधला सर्वात मानाचा पुरस्कार, आणि बॅज असला की मागे बसून बघता येतो हे कितीतरी लोकांना माहीतच नाही. जरूर जा. १९७० साली यू. एस. ग्रँट हॉटेलात तीनेकशे लोकांच्या हजेरीत सुरू झालेली ही जत्रा आता लाखाच्या वर गेलीय, पण त्या हॉलमध्ये बसलं की मूळ काय होतं ते कळतं.

शनिवारी बॅज नव्हता तरी सेंटरसमोरच्या गॅसलॅम्प भागात फिरलो, तिथे रस्त्यावर बरंच काही फुकट असतं आणि कॉस्प्लेवाले, म्हणजे आवडत्या पात्रांचा वेष करून आलेले लोक, तर जिथे तिथे. फोटो विचारूनच काढा.

वैताग एकच, आमचं हॉटेल. रूमचा एसी दोन्ही रात्री बंद, तक्रार करून उपयोग नाही. खाण्याचे हाल होऊ नयेत म्हणून मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती दोन दिवस पुरली.

खरेदी रविवारसाठी ठेवा, दुपारनंतर बरेच व्यापारी भाव उतरवतात आणि पाच वाजता सगळं बंद होतं. सॅकमध्ये एक कडक पुठ्ठा न्या, नाहीतर अंकांचे कोपरे दुमडतात.