गॅस गिझरची दुरुस्ती, लातूर : काम चोख, वेळेचं मात्र विचारू नका

चार तारे देतेय. एक का कापला ते खाली येईलच.

आमचा गिझर सहा लिटरचा, दोन मोठ्या सेलवर ठिणगी पाडणारा. ऐन थंडीत नळ सोडला की नुसतं गार पाणी. ना टिकटिक, ना जाळ. सेल नवे घातले, तरी तेच. कंपनीच्या सर्व्हिसवाल्याने झाकणही न उघडता 'सर्किट गेलं' म्हणून सांगितलं, वर 'नवीनच घ्या' हा फुकटचा सल्ला. मग औसा रोडकडच्या एका मिस्त्रींना बोलावलं.

त्यांनी आधी गिझरकडे बघितलंच नाही. नळाखाली बादली लावली, धार बघितली आणि म्हणाले, "ताई, गॅसचं काय न्हाई, पाण्याचं हाय. बोअरचं वापरताव न्हवं?" बोअरचंच. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे गाव, इथं बोअर किती खोल गेलेत आणि त्या पाण्यात किती क्षार असतात ते लातूरकरांना सांगायला नको.

पाणी आत शिरतं तिथला नट खोलून त्यांनी बोटाच्या पेराएवढी जाळी काढली. पांढऱ्या खड्यांनी गच्च! गिझरमध्ये एक रबराचा पडदा असतो. पाण्याच्या दाबाने तो सरकला तरच आतली पिन सरकते, स्विच दबतो आणि ठिणगी पडते. धारच बारीक, तर पडदा हलणार कसा? जाळी व्हिनेगरमध्ये टाकली. पडदाही ताठरला होता, तो बदलला. मग लिंबूसत्वाचं पाणी तांब्याच्या कॉइलमधून बराच वेळ फिरवलं. बाहेर पडलं ते ताकासारखं. जोडल्यावर नळ सोडला, टिकटिक झाली आणि निळा जाळ भप्पकन धरला.

हे बघून जाऊबाईंनी त्यांना वर नेलं. त्यांचा गिझर जुना, पायलटचा. बटण दाबून धरलं की छोटी ज्योत पेटायची, सोडलं की विझायची. दाबून धरायला म्हणून घरातलं एक माणूस रोज अडकलेलं! यात ज्योतीशेजारी एक धातूची कांडी असते, थर्मोकपल म्हणतात. तिचं टोक तापलं की अगदी जराशी वीज तयार होते, आणि तेवढ्यावरच गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. टोक गार, तर व्हॉल्व्ह बंद. म्हणजे ज्योत विझली तरी गॅस मोकाट सुटू नये याची ती सोय. इथं कांडी चांगली होती. पायलटच्या बारीक भोकात धूळ आणि कोळ्याचं जाळं, त्यामुळे ज्योत पिवळी, मलूल, टोकापर्यंत पोचतच नव्हती. मिस्त्रींनी सायकलच्या पंपाने हवा मारली, कांडीवरची काजळी बारीक पॉलिश पेपरने पुसली. बटण अर्धा मिनिट दाबून सोडलं, ज्योत टिकली. दुसऱ्या कुणी सरळ कांडी बदलून पैसे घेतले असते.

मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. आमचा गिझर बाथरूमच्या आत होता. "हितं ठेवणार असाल तर मी हात धुऊन निघालो," म्हणाले. गळक्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, पण बंद खोलीत अर्धवट जळून जो कार्बन मोनॉक्साईड होतो, त्याला ना वास ना रंग. सासूबाईंनी कुरकुर केली, पण गिझर मागच्या मोकळ्या व्हरांड्यात, भिंतीवर गेला. जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का तेही बघितलं. नारिंगी पाइपवरची तारीख वाचून 'पाच वर्षं झाली, बदला' म्हणाले, पण स्वतः पाइप विकला नाही, एजन्सीतून घ्यायला लावला.

आता तक्रार. 'आत्ता येतो' म्हणजे दिवेलागणीला. पक्कं बिल मागितलं तर वहीचं पान फाडून दिलं. भिंतीला पाडलेलं भोक सिमेंटने बुजवायचं राहिलं ते राहिलंच. जागा बदलण्यासकट खालच्या कामाचे हजार आणि वरचे दोनशे घेतले. मला महाग वाटलं नाही, नवऱ्याला वाटलं.

जाळी दर दोन-तीन महिन्यांनी घरीच काढून धुवा म्हणून सांगून गेलेत. आधी रेग्युलेटर आणि पाण्याचा कॉक बंद करायचा. त्यांना बोलवायचं असेल तर सकाळी दहाच्या आत फोन लावा. त्यानंतर ते गाडीवर असतात आणि उचलत नाहीत.