ओल्ड स्टर्ब्रिज व्हिलेजचं सेंटर मीटिंगहाउस: इमारत उत्तम, जागा फसवी

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या या खुल्या संग्रहालयात हिरवळीच्या टोकाला पांढरंशुभ्र मीटिंगहाउस दिसतं आणि हेच गावाचं मुख्य प्रार्थनास्थळ, असं वाटून जातं. मॅसॅच्युसेट्स ज्यात येतं त्या न्यू इंग्लंड भागातल्या गावात ही मोक्याची जागा बहुधा काँग्रिगेशनल मंडळीची, म्हणजे तिथल्या प्रस्थापित प्रोटेस्टंट चर्चची. ही ग्रीक धाटणीची इमारत मात्र १८३२ साली स्टर्ब्रिजच्या बाप्टिस्टांनी, म्हणजे वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी बांधली. इथे ती १९४० च्या दशकात हलवून आणली. राज्यातला धर्मकर, म्हणजे चर्च चालवायला लोकांकडून घेतला जाणारा कर, रद्द झाला १८३३ साली. तोवर त्यातून सुटायला आपण दुसऱ्या पंथाचे असल्याचा दाखला द्यावा लागे. हे माहीत नसेल तर अर्धी गंमत हुकते.

बाप्टिस्टांची अशी मंडळी, म्हणजे चर्चची सभासदसंस्था, उभी राहायची ती आधी कागदावर. सभासद करारनाम्यावर सह्या करत, शेजारच्या मंडळ्यांचे प्रतिनिधी येऊन मान्यता देत. इमारतीची मालकी बहुधा वेगळ्या सोसायटीकडे असे आणि बांधकामाचा पैसा बाकं विकून उभा राही. आत बाकांच्या रांगा बघताना हा हिशेब डोक्यात ठेवावा. बाप्तिस्म्याचा, म्हणजे दीक्षा देताना पाण्यात बुडवण्याचा, हौद मात्र शोधू नका. खेड्यापाड्यांत तो विधी तळ्यावर किंवा नदीवर होई, थंडीतसुद्धा.

लाकडी सांगाडा गिलाव्याआड आहे, म्हणून आधी संग्रहालयातली पाण्यावर चालणारी करवतगिरणी बघा. वरखाली चालणाऱ्या पात्याच्या खुणा फळीवर सरळ, समांतर उमटतात. गोल करवतीच्या कमानदार. अशा सांगाड्यात एका तुळईला खाच, दुसरीच्या टोकाला त्या खाचेत बसणारी जीभ म्हणजे कुसू, आणि दोन्हींतून ओकची खुंटी. खरी कारागिरी भोकांत: कुसवाचं भोक खाचेच्या भोकापेक्षा खांद्याकडे, म्हणजे कुसू जिथे सुरू होतं तिकडे, सुमारे ३ मिमी सरकवून पाडायचं, म्हणजे खुंटी ठोकताच सांधा आवळला जातो. जास्त सरकवलं तर खुंटी मोडते, नाहीतर कुसवाचं टोक फाटतं. खुंटी वाळलेली हवी. ओली असली की आक्रसून सैल पडते. अशा इमारती कुजायला लागतात त्या पायावरच्या आडव्या तुळईपासून, कारण पागोळ्यांचं पाणी तिथेच उडतं.

इमारतीसाठी पाचपैकी साडेचार. अर्धा गुण जागेमुळे कापला: बाप्टिस्टांना प्रस्थापितांच्या खुर्चीत बसवल्याने त्यांची लढाईच दिसेनाशी होते. पाणी कमी असलं की करवत बंद मिळू शकते, तेव्हा तिकीट काढतानाच विचारून घ्या.