लोवेलची कापड गिरणी: साचेखातं बघाच, पण खाणावळ चुकवू नका

बॉस्टनकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी गावाकडच्या पाहुण्यांना न्यूयॉर्क-नायगारा दाखवून झालं असेल, तर एक दिवस लोवेल या जुन्या गिरणगावासाठी काढावा. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून रेल्वेने साधारण पाऊण तास. बूट कॉटन मिल्स या जुन्या गिरणीतलं संग्रहालय नॅशनल पार्क सर्व्हिस चालवते.

साचेखात्यात, म्हणजे जिथे साच्यांवर (यंत्रमागांवर) कापड विणतात तिथे, शिरताना कानात घालायला बोळे देतात, ते घ्याच. वर गरगर फिरणारा दांडा, त्यावरून खाली आलेले चामड्याचे पट्टे आणि ओळीने लावलेले १९२० च्या दशकातल्या धर्तीचे साचे. त्यातले थोडेच चालू ठेवतात, तरी पायाखालची जमीन हादरते. शेजारचा काय बोलतोय ते ओठांवरूनच ओळखायचं. माझे वडील लालबागला साचेखात्यात होते. घरी शांततेतही ते आमच्या तोंडाकडे बघूनच ऐकायचे.

बहुतेक लोक इथूनच परततात. तसं करू नका. जवळच कंपनीची जुनी खाणावळ आहे. खाली लांबलचक जेवणाचं टेबल, वर मुलींच्या खोल्या, एका पलंगावर दोघीदोघी. न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांच्या या लेकी. दिवसाला बारा-तेरा तास काम, रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्च सक्तीचं. मुली नजरेखाली राहाव्यात म्हणून कंपन्यांनी ही घरं बांधली, आणि संप शिजला तोही इथेच. एका पंक्तीला जेवणाऱ्या मुलींमध्ये फूट पाडणं सोपं नसतं.

फेब्रुवारी १८३४ मध्ये पगारकपात जाहीर झाली तेव्हा सुमारे ८०० जणी बाहेर पडल्या. तो संप लगेच मोडला. ऑक्टोबर १८३६ मध्ये खाणावळीचा वाढीव बोजा मुलींच्या माथी मारला, तेव्हा दीड हजारांवर निघाल्या. अकरा वर्षांची हॅरिएट हॅन्सन तेव्हा गिरणीत होती. तिच्या खात्यातल्या मोठ्या मुली जावं की न जावं करत घुटमळत होत्या. कुणी येवो न येवो, मी निघाले, असं म्हणून ती चालू लागली आणि सगळ्या तिच्या मागून निघाल्या. तिची विधवा आई कंपनीचीच खाणावळ चालवायची. लेकीने संप केला म्हणून तिच्याकडून ती काढून घेतली.

इथे मी बराच वेळ थांबले. मुंबईतल्या १९८२ च्या गिरणी संपात माझ्या आजीने आमच्या खाणावळीतल्या गिरणीवाल्यांना महिनोन्‌महिने उधारीवर जेवू घातलं. ती वही कधीच फिटली नाही. पैसे मागायला मात्र आजी कुणाच्या दारात गेली नाही. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं येतात, पण चूल पेटती ठेवणाऱ्या बाईची नोंद फार क्वचित होते. लोवेलमध्ये ती चूल जपून ठेवलीय, यासाठी मी या जागेला पैकीच्या पैकी गुण देईन.

दक्षिणेत गुलामांनी वेचलेल्या कापसावर या गिरण्या चालायच्या, हेही नीट समजून घ्या. आणि सारा बॅगली या गिरणी कामगार बाईचं नाव लक्षात ठेवा. १८४५ मध्ये दहा तासांच्या दिवसासाठी तिने विधिमंडळाच्या समितीपुढे साक्ष दिली. समितीने हात वर केले. मॅसॅच्युसेट्समध्ये बायकांसाठी तो कायदा व्हायला १८७४ उजाडलं.

लहान मुलांना आवाजाचा त्रास होऊ शकतो. साचे कधी चालू असतात ते आधी विचारून जा, आणि जमलं तर खाणावळ आधी बघा.