साबुदाणा चालतो, कूट नाही: पीकेयूवाल्या मुलींच्या डाएट शिबिराचा रिव्ह्यू

शिबिर होऊन तीन महिने झाले. खरं तर परत आल्या आल्या लिहिणार होते पण म्हटलं रक्ताचे रिपोर्ट येऊ देत, नाहीतर नुसतं 'जेवण छान होतं, माणसं छान होती' एवढंच लिहून होईल. नाव देत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि आपल्याकडे हे काम करणारी माणसं इतकी कमी आहेत की त्यांना उगाच तोंडघशी पाडायचं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

काय होतं तर पुण्यात शनिवार-रविवार दोन दिवस राहून शिबिर, १६ ते ३० वयाच्या मुलींसाठी, ज्यांना जन्मापासून मेटाबॉलिक आजार (म्हणजे खाल्लेल्यातलं काहीतरी शरीराला नीट मोडता येत नाही असा) आहे अशा. त्यानंतर तीन महिने व्हॉट्सॲपवर आहारतज्ज्ञांचा सपोर्ट. साडेसहा हजार, राहणं-जेवण धरून. आम्ही अकरा जणी होतो, सात पीकेयूच्या (फिनाइलकीटोन्युरिया, म्हणजे प्रोटीनमधलं फिनाइलॲलानिन शरीराला मोडता येत नाही, ते रक्तात साचून मेंदूला इजा करतं, म्हणून प्रोटीन मोजून खायचं) आणि बाकीच्या वेगवेगळ्या.

माझं थोडं सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी २७ ची, क्लासिक पीकेयू. माझ्या दादाला पण आहे, पण त्याचं निदान साडेतीन वर्षांचा असताना झालं, तोपर्यंत बोलत नाही, केस भुरे, लंगोटाला उंदरासारखा कुबट वास, आणि सगळे म्हणायचे होईल हळूहळू. उशीर झाला तो झालाच. मी झाले तेव्हा आईबाबांना माहीत होतं म्हणून दहाव्या दिवशी रक्त गेलं आणि मी डाएटवर. म्हणजे माझं डोकं शाबूत आहे ते दादामुळे, हे आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही पण सगळ्यांना माहितीय. तेव्हापासून वजनकाटा, वही, फ्रिजवरचा तक्ता सगळं आईच्या हातात. फी किती झाली हे आई सांगणार (फी म्हणजे फिनाइलॲलानिन, आमच्याकडे पाहुण्यांना वाटतं क्लासच्या फीबद्दल चाललंय). मी फक्त 'आई, हे खाऊ का' विचारणार. इंजिनिअर झाले तरी तेच. मग लग्न झालं, आई राहिली साताऱ्यात, मी ठाण्यात, आणि दीड वर्षात माझी रक्तातल्या फीची लेव्हल ८४० (लिटरला मायक्रोमोल). आणि आम्हाला मूल हवंय.

तर शिबिराबद्दल. पहिल्या दिवशी सकाळी मॅडमनी (शिबिराच्या आहारतज्ज्ञ) प्रोजेक्टर लावलाच नाही. प्रत्येकीसमोर कच्च्या पोह्यांचं पातेलं आणि एक रिकामी वाटी. म्हणाल्या, रोज नाश्त्याला घेता तेवढे काढा आणि किती ग्रॅम असतील ते कागदावर लिहा. मी लिहिलं ३०. काट्यावर आले ५८. मी! जी २७ वर्षं मोजून खातेय. माझी दिवसाची मुभा ३०० मिलिग्रॅम फी, म्हणजे साधारण सहा ग्रॅम प्रोटीन (एका ग्रॅमला ५० मिलिग्रॅम धरतात), आणि ५८ ग्रॅम पोहे म्हणजे जवळजवळ १९० मिलिग्रॅम सकाळी नऊलाच संपले, वर शेंगदाणे न टाकता. मग दुपारी भाजी, बटाटा, थोडा भात. ८४० कुठून आले ते तिथेच कळलं. आई मोजायची तेव्हा वाटी छोटी होती, इथे लग्नात मिळालेला डिनर सेट.

मग आला साबुदाणा. आमच्या घरात सासूबाईंचा अगदी प्रेमाने म्हटलेला डायलॉग आहे, 'हिचा काय, बारा महिने उपासच.' आणि ते अर्धं खरं आहे कारण साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच, शंभर ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. पण उपासाची खिचडी म्हटली की दाण्याचा कूट, आणि कूट म्हणजे चौथा भाग प्रोटीन. दोन डाव कूट पडला की माझा दिवस संपला. आणि वरी? उपासाला चालते म्हणून मी बिनधास्त खायचे, ती तर जवळपास तांदळाच्या बरोबरीची निघाली. उपासाचं आणि पीकेयूचं गणित एक नाही हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलंच नव्हतं, किंवा आईने सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

कुटाशिवाय खिचडीचा लगदा होतो हे ज्यांनी केलीय त्यांना माहितीय, कारण कूट ओल शोषून दाणे सुटे ठेवतो. तिथल्या स्वयंपाकाच्या मावशींनी जे दाखवलं ते आता मी दर आठवड्याला करते: साबुदाणा धुवून पाणी सगळं काढून टाकायचं, वर फक्त बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढं, रात्रभर, सकाळी कापडावर पसरायचा, मग भरपूर तूप-जिरं-मिरची, बटाट्याचा कीस आधी कुरकुरीत करून घ्यायचा आणि शेवटी थोडं ओलं खोबरं. खोबरं आणि बटाटा मोजून, बाकी मोकळं. तुपाला प्रोटीन नाही हे वाक्य मी वहीत दोनदा लिहिलंय.

पोळ्यांचा प्रयोग मात्र फसला. स्टार्च, थोडं इसबगोल, तेल, गरम पाणी. गोळा छान होतो, लाटायला घेतला की कडा फुटतात, तव्यावर टाकेपर्यंत महाराष्ट्राचा नकाशा. अकरा जणींपैकी एकीची फक्त गोल झाली आणि तिने प्लास्टिकच्या कागदावर भाकरीसारखी थापली होती.

माझ्यासाठी अख्ख्या शिबिराचे पैसे वसूल झाले ते संध्याकाळच्या एका वाक्यात. लग्नाआधी मी चार किलो कमी केले होते, रात्रीचं जेवण बंद, पावडर (फी नसलेलं प्रोटीन, आम्ही रोज पितो ती) पण एकच वेळ, आणि लेव्हल वर गेली. तेव्हा ज्या डॉक्टरांना दाखवत होते (कोण ते जाऊ दे) त्यांनी होणाऱ्या नवऱ्यासमोर विचारलं, 'खरं सांग, बाहेर काय खातेस?' मी काहीच खात नव्हते. मॅडम म्हणाल्या, तेच तर. पोटाला पुरेसं मिळालं नाही की शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं, त्यातली फी रक्तात येते, तापात पण तसंच होतं. म्हणजे उपाशी राहून लेव्हल वाढते! मी तिथेच रडले, शेजारच्या सोळा वर्षांच्या मुलीने रुमाल दिला. ती पण जीन्सच्या मापासाठी उपाशी राहत होती म्हणे.

पावडरचं पण तसंच. आम्ही बहुतेकजणी सकाळी नाक दाबून एकदम पिऊन टाकायचो, एकदा सुटलो म्हणून. वास ओल्या खडूसारखा, चव त्याहून वाईट, ज्याने प्यायलीय तोच जाणे. पण एकदम घेतली तर शरीर ती नीट वापरू शकत नाही, दिवसात तीन-चार वेळा जेवणाबरोबर घ्यायची. आणि सोडायची तर अजिबात नाही, कारण आपण दूध-अंडी-डाळ काहीच खात नाही, बी-१२ सुद्धा त्या पावडरमधूनच येतं. थंडगार कोकम सरबतात ती जरा तरी सुसह्य लागते, हे मी शोधलंय, मॅडमनी नाही.

दुसरा दिवस बाळंतपणाचा. मॅडमनी आधी गोष्ट सांगितली ती मला आवडली. साठच्या दशकात अमेरिकेत बाळांच्या टाचेतलं रक्त तपासायला लागले, पीकेयूच्या मुली वेळेत डाएटवर गेल्या, हुशार झाल्या, आणि तेव्हाच्या समजुतीप्रमाणे पाच-सहा वर्षांच्या झाल्यावर डाएट बंद केलं. मग त्या मोठ्या झाल्या, लग्नं झाली, आणि त्यांची बाळं लहान डोक्याची, हृदयात दोष असलेली जन्माला यायला लागली, बाळाला स्वतःला पीकेयू नसताना. कारण आईच्या रक्तातली फी वारेतून बाळाकडे जाते आणि बाळाकडे ती आईपेक्षा जास्तच साचते. १९८४ पासून अनेक वर्षं यावर मोठा अभ्यास झाला आणि त्यातून आजचा नियम पक्का झाला: दिवस राहायच्या आधीपासून लेव्हल १२० ते ३६०, आणि मग पूर्ण नऊ महिने. नीट सांभाळलं तर बाळ अगदी ठणठणीत. आणि नवरा कॅरियर (स्वतःला आजार नाही पण त्याचं जीन अंगात आहे असा) नसेल तर बाळाला पीकेयू होणारच नाही. हे मी इंटरनेटवर दहा वेळा वाचलं होतं, पण माणसाच्या तोंडून ऐकलं तेव्हा पहिल्यांदा घाबरायच्या ऐवजी हिशोब करावासा वाटला.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी, या सेशनला आया आणि सासवांना आत बसवलं. का? एका मुलीच्या सासूबाईंनी विचारलं, 'म्हणजे मूल होऊ द्यायचंच नाही का?' आणि आलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ पाच मिनिटं सासूबाईंशीच बोलत राहिल्या, ती मुलगी मधल्या खुर्चीत ओढणीचं टोक गुंडाळत बसलेली, तिच्याकडे कुणी बघितलंच नाही. त्याहून वाईट म्हणजे गॅलॅक्टोसेमियाची (दुधाच्या साखरेतला गॅलॅक्टोज शरीराला वापरता येत नाही) एक मुलगी होती, एकोणीस वर्षांची, जेवताना माझ्या शेजारी बसायची, तिला वरण चालतं आणि मला नाही, आम्ही दोघी मिळून दह्याकडे बघायचो. तर त्याच बाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की गॅलॅक्टोसेमियात बहुतेक मुलींची बीजकोषं लवकर थांबतात. खरं आहे ते, पण असं सांगतात का? ती उठून गेली आणि संध्याकाळपर्यंत खोलीतून बाहेर आली नाही. होमोसिस्टिन्युरियावाल्या (प्रोटीनमधलाच दुसरा एक घटक मोडत नाही असा आजार) मुलीला गर्भनिरोधक गोळ्यांमधल्या इस्ट्रोजेनने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात हे मात्र चहाच्या वेळी बाजूला घेऊन सांगितलं. म्हणजे जमतं त्यांना, तिथे सुचलं नाही.

दुसरी तक्रार, छापील तक्ता. कुठल्यातरी ब्रिटिश यादीवरून उचललेला. त्यात पार्सनिप आहे, स्वीड आहे. पडवळ नाही, घोसाळं नाही, अळू नाही, सुरण नाही. मॅडमच्या डोक्यात सगळं आहे, विचारलं की पटकन सांगतात, मग कागदावर का नाही? पैशांच्या मदतीबद्दल पण एकच स्लाइड. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ चं आहे, त्यात पीकेयू स्पेशल डाएटवाल्या गटात येतो आणि मुंबईत केईएम हे त्याचं केंद्र आहे, एवढं कळलं, पण अर्ज कसा करायचा, कागद कुठले लागतात यावर 'नंतर बोलू'. ते नंतर अजून आलेलं नाही.

व्हॉट्सॲप सपोर्ट पहिला महिना एक नंबर. रोज ताटाचा फोटो टाकायचा, रात्री दहापर्यंत मॅडमचं उत्तर. एके दिवशी मी भात टाकला आणि लिहिलं 'नेहमीएवढाच', तर उत्तर आलं, 'बाळा, वाटी बदललीस का?' बदलली होती! नेहमीची घासायला पडली होती. फोटोवरून ओळखलं, मला कौतुक पण वाटलं आणि चोरी पकडल्यासारखं पण. दुसऱ्या महिन्यात मॅडम रजेवर आणि त्यांच्या जागी कुणीतरी शिकाऊ मुलगी, तिने मला लिहिलं की ताटात प्रोटीन कमी दिसतंय, मोड आलेले मूग आणि पनीर ॲड करा. पीकेयूवाल्या बाईला! नवऱ्याने स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, तो हसत होता, मी हसले नाही, कारण त्याच ग्रुपवर ती सोळा वर्षांची मुलगी पण आहे आणि ती कुणी सांगेल ते ऐकते. मी मॅडमना फोन केला, त्यांनी लगेच माफी मागितली आणि मेसेज डिलीट करायला लावला. पण पैसे आम्ही मॅडमसाठी भरले होते.

शुगरफ्रीबद्दल पण एक सांगते कारण तिथे चार जणींना माहीत नव्हतं. डाएट कोल्ड्रिंक, बिनसाखरेचं च्युइंगम, पाण्यात फसफसणाऱ्या काही गोळ्या, यांत बऱ्याचदा ॲस्पार्टेम (साखरेऐवजीचा कृत्रिम गोडवा) असतं आणि त्यात फिनाइलॲलानिन असतं. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की पीकेयूवाल्यांसाठी नाही. मी शाळेत असताना पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मला भारी वाटलं होतं, बाटलीवर आपला उल्लेख. साखरेची साधी कोल्ड्रिंक चालतात, दातांचं काय ते बघा.

लेव्हल्स. बोटाला टोचून कार्डावरचे गोल भरायचे, एकेका गोलात एकच मोठा थेंब, वरून परत थेंब टाकायचा नाही, आणि उन्हात न ठेवता आडवं वाळवायचं, हे पण तिथेच हात धरून शिकवलं. आधी माझी निम्मी कार्डं लॅबवाले परत पाठवायचे. शिबिराआधी ८४०, मग ६१०, मग ४३०, आणि गेल्या गुरुवारी ३४०. आईला फोन केला तर तिने पहिलं विचारलं, 'कोणी मोजलं?' मी म्हटलं मी. ती थोडा वेळ गप्प, मग म्हणाली, 'कूट नाही ना घातलास?'

पाचपैकी साडेतीन. अर्धा त्या वाटीसाठी. एकटीने जा, आईला घरी ठेवा, सासूबाईंना तर नक्कीच. पार्सनिपचा तक्ता टाकून द्या आणि मॅडमना तोंडी विचारून स्वतःचा लिहून काढा. आणि शिकाऊ माणूस काही म्हणाला तर आधी खात्री करा.

आणि कुणाला ती स्टार्चची पोळी न फुटता लाटता येत असेल तर प्लीज सांगा, प्लास्टिकचा कागद सोडून. तो मी तव्याला चिकटवून बसलेय.