फायरफॉक्स, काही महिन्यांच्या वापरानंतर: कुलूप दिसतंय ना, मग सगळं कशाला पुसता?

कॅशे आणि कुकीज, म्हणजे साइट्सचं ब्राउझरमध्ये साठलेलं सामान, क्लिअर करायचे तीनशे रुपये. वर बाबांचे सेव्ह केलेले सगळे पासवर्ड गेले ते वेगळेच. ब्राउझर बदलण्यामागचं खरं कारण एवढंच, प्रायव्हसी वगैरे नंतर सुचलेलं.

झालं असं की बाबांच्या पतसंस्थेची साइट पासवर्ड बरोबर टाकला तरी फिरून लॉगिनच्याच पानावर आणून सोडायची. हेल्पलाइनचं एकच पालुपद: "सर, कॅशे-कुकीज क्लिअर करा." कशा करायच्या, ते विचारलं की फोन होल्डवर. शेवटी बाबा लॅपटॉप पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. तिथल्या पोराने कंट्रोल-शिफ्ट-डिलीट दाबलं, 'ऑल टाइम' निवडलं आणि दिसेल त्या चौकोनात टिक केली, पासवर्डच्याही. साइट चालू झाली, नाही असं नाही. पण त्या ब्राउझरमध्ये खातं सिंक केलेलं, म्हणजे फोनशी जोडलेलं होतं, त्यामुळे फोनवरचे पासवर्डही साफ. पुढचा आठवडा घरात 'फरगॉट पासवर्ड' आणि ओटीपी याशिवाय दुसरा विषय नव्हता.

मग फायरफॉक्स टाकला. वेग, रॅम याबद्दल काही लिहीत नाही, ते सगळीकडे वाचायला मिळतं. चार जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर चालतो, आम्हाला पुरतो.

मी प्रेमात पडलो ते पत्त्याच्या डावीकडच्या कुलुपाच्या. अडलेली साइट उघडायची, कुलुपावर क्लिक करायचं, 'क्लिअर कुकीज अँड साइट डेटा' निवडायचं. साइटचं नाव दाखवून विचारतो, होय म्हणायचं. त्या एका साइटचं जे साठलं होतं ते गेलं, बाकी सगळं जागच्या जागी. पतसंस्थेची साइट त्यानंतरही अधूनमधून तशीच रुसते. बाबा आता स्वतःच कुलूप दाबतात, पुन्हा लॉगिन करतात आणि कामाला लागतात. तीनशे रुपयांचं काम, फुकट.

हे का चालतं ते कळलं तर भीती जाते. वेबचा मूळ नियमच असा की साइटला तुमची मागची भेट आठवत नाही, प्रत्येक पान नव्याने मागितलं जातं. त्यावर तोडगा म्हणून 1994 साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू माँटुली या प्रोग्रामरने कुकी काढली: साइट एक छोटी चिठ्ठी तुमच्या ब्राउझरकडे देते, पुढच्या वेळी ब्राउझर ती दाखवतो, साइट ओळखते. चिठ्ठी जुनी झाली किंवा बिघडली की साइट गोंधळते आणि तुम्हाला दारातच उभं करते. (फायरफॉक्स त्याच घराण्यातला. नेटस्केपने 1998 मध्ये कोड खुला केला, त्यातून मोझिला हा प्रकल्प, आणि 2004 च्या नोव्हेंबरात फायरफॉक्स 1.0.) म्हणजे लॉगिन अडलं तर संशयित कुकी. पान अर्धवट, जुनं किंवा वेडंवाकडं दिसत असेल तर संशयित कॅशे, म्हणजे साइटची चित्रं आणि फाइली यांची तुमच्या डिस्कवरची प्रत. त्यासाठी आधी कंट्रोल-शिफ्ट-आर दाबून बघा. कॅशे बाजूला ठेवून पान नव्याने येतं, काहीच पुसावं लागत नाही. हिस्ट्रीचा या दोन्हीशी संबंध नाही, ती फक्त कुठे कुठे गेलात त्याची यादी. ती पुसून लॉगिन सुरू होणार नाही, हे हेल्पलाइनवाल्यांना कोणीतरी सांगा.

सुरुवातीच्या उत्साहात सेटिंग्जच्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये ब्राउझर बंद करताना कुकीज आपोआप पुसायची सोयही चालू केली होती. पहिले काही दिवस फार समाधान वाटलं, रोज रात्री घर झाडून झोपल्यासारखं. तेव्हा लिहिलं असतं तर याच सोयीला पैकीच्या पैकी गुण दिले असते. आता मत बदललंय. रोज सकाळी ईमेलपासून सगळीकडे नव्याने लॉगिन, रोज ओटीपी, आणि बाबांचा फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत. त्याच ठिकाणी 'मॅनेज एक्सेप्शन्स' आहे. तिथे रोजच्या साइटचा पत्ता टाकून 'अलाउ' केलं की तेवढ्या कुकीज टिकतात. ते करून पाहिलं, ठीक चाललं, पण दर नव्या साइटला तोच उद्योग. शेवटी ती सोय बंदच केली. एका साइटची कुकी दुसऱ्या साइटवर तुमचा माग काढायला वापरता येऊ नये म्हणून फायरफॉक्स 2022 च्या जूनपासून प्रत्येक साइटच्या कुकीज मुळातच वेगवेगळ्या ठेवतो. मग रोजची झाडलोट कोणासाठी?

कॅशे रोज पुसणाऱ्यांना तर मी हात जोडतो. आमचं इंटरनेट फोनच्या हॉटस्पॉटवर, दिवसाला दीड जीबी. पत्त्याच्या जागी about:cache टाइप करून एंटर दाबा, 'डिस्क'खाली किती साठलंय ते दिसतं. आमच्याकडे सहा-सातशे एमबीच्या घरात असतं. ते पुसलं की तेच लोगो, त्याच फाइली पुन्हा उतरवायच्या, त्याही आपल्याच डेटातून. डिस्क गच्च भरली असेल तर गोष्ट वेगळी.

आता तक्रार. मोठी नाही, पण रोज खुपते. कंट्रोल-शिफ्ट-डिलीटच्या खिडकीत काळ निवडायला एक तास, दोन तास, चार तास, आज आणि मग एकदम 'एव्हरीथिंग'. मधे काहीच नाही! क्रोममध्ये सात दिवस, चार आठवडे असे टप्पे आहेत. इथे परवाचं पुसायचं तर सगळंच पुसा. हिस्ट्रीच्या यादीत तारखेनुसार कप्पे मिळतात, तिथून जुनं काढता येतं, पण जातात फक्त नोंदी, कुकीज राहतात त्या राहतातच. इतकी वर्षं ही खिडकी आहे, एक 'गेला आठवडा' घालायला काय जातं यांचं? 2024 मध्ये खिडकी नव्याने केली, कशाने किती जागा व्यापली ते समोर दिसायला लागलं, टिकांची गर्दी कमी झाली. काळाची यादी मात्र होती तशीच. एक बरं, या खिडकीत पासवर्डची टिकच नाही. दुकानातल्या पोराने इथे सगळं निवडलं असतं तरी पासवर्ड वाचले असते. माझा अर्धा तारा तेवढ्यासाठी.

प्रायव्हेट विंडोबद्दल बाबांचा समज होता की आत गेलं की कोणालाच काही दिसत नाही. तसं नाही. बंद केल्यावर या कॉम्प्युटरवरची हिस्ट्री आणि कुकीज जातात. डाउनलोड केलेल्या फाइली राहतात, आणि इंटरनेट पुरवणाऱ्याला किंवा ऑफिसच्या नेटवर्कला तुम्ही कुठल्या साइटवर आहात ते कळू शकतं. झेरॉक्सच्या दुकानात बसून बँकेची साइट उघडावीच लागली तर मात्र प्रायव्हेट विंडोच उघडा.

फोनवरही फायरफॉक्सच आहे. अँड्रॉइडवर 'डिलीट ब्राउझिंग डेटा ऑन क्विट' चालू केलं की मेन्यूत 'क्विट' येतं. आईचा फोन नातवंडांच्या हातात असतो, तिथे ते ठेवलंय. माझ्या फोनवर नाही.

साडेचार तारे. उरलेला अर्धा 'गेला आठवडा' आला की देईन.