सक्शन मोजायचे: माती चाळून की खड्यांसकट?

खडेमिश्रित मातीचे सक्शन, म्हणजे अर्धओली माती ज्या ओढीने पाणी धरून ठेवते ती ओढ, मोजताना पहिला निर्णय चाळणीपाशीच होतो. ४.७५ मिमीच्या चाळणीवर राहिलेले खडे बाजूला काढायचे, की नमुना आहे तसा घ्यायचा?

टणक खडा पाणी जवळपास धरतच नाही. सक्शन ठरते ते खड्यांमधल्या बारीक मातीच्या छिद्रांवर. त्यामुळे खडे वजनाने ४० टक्क्यांच्या आत असतील आणि तुम्हाला काही दहा किलोपास्कलच्या पुढचेच सक्शन हवे असेल, तर चाळून मोजणे सरस. नमुना लहान चालतो, फिल्टर पेपर (मातीतले पाणी शोषणारा कागद, त्याच्या ओलाव्यावरून सक्शन काढतात) मातीला नीट चिकटतो, प्रेशर प्लेटवर (हवेच्या दाबाने नमुन्यातले पाणी बाहेर काढणारी सच्छिद्र तबकडी) समतोलही लवकर येतो.

पण चाळले की दोन आकडे बदलावे लागतात, आणि दुसरा हमखास विसरला जातो. पहिला ओलाव्याचा. एकूण ओलावा १२ टक्के, खडे ४० टक्के आणि खड्यांचा स्वतःचा ओलावा १ टक्का असेल, तर बारीक मातीचा ओलावा (१२ − ०.४) ÷ ०.६, म्हणजे १९.३ टक्के. दुसरा घनतेचा. याच मातीची जागेवरची कोरडी घनता १.९० ग्रॅम प्रति घसेमी आणि खड्यांची विशिष्ट घनता २.६५ धरली, तर खड्यांमधली माती फक्त १.६० घनतेची निघते. चाळलेली माती १.९० पर्यंत ठोकली, तर मोठी छिद्रे दबून जातात आणि हवा शिरण्याचे सक्शन खऱ्यापेक्षा बरेच जास्त दिसते. मग बाकीची चाचणी कितीही काटेकोर केली तरी निकाल वेगळ्याच मातीचा असतो.

खडे वाढले की हे गणितही पुरत नाही. खडे एकमेकांवर टेकतात, त्यांच्या आडोशाची माती ठोकली जात नाही, खड्याच्या कडेला फटी राहतात. १ किलोपास्कलला साधारण ०.३ मिमी रुंदीचे छिद्र रिकामे होते, म्हणजे या फटी अगदी सुरुवातीलाच पाणी सोडतात. पावसात उताराचे काय होईल हे पाहायचे असेल, तर सक्शन आणि ओलावा यांच्या वक्राचा नेमका हाच भाग लागतो. तिथे खड्यांसकट नमुना घ्या, त्याला पर्याय नाही.

त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. नमुन्याचा व्यास सर्वांत मोठ्या खड्याच्या किमान सहापट हवा: २० मिमी खड्याला १२० मिमी. उंची दुप्पट झाली की समतोलाचा वेळ सुमारे चौपट. टेन्सिओमीटर म्हणजे मातीत खोचून सक्शन थेट मोजणारी, पाण्याने भरलेली नळी; तिचे टोक खड्यावर टेकले तर संपर्क तुटतो. म्हणून भोकात त्याच मातीच्या बारीक भागाचा लगदा आधी भरा. सुमारे ८० किलोपास्कलच्या पुढे साध्या टेन्सिओमीटरमध्ये बुडबुडे होतात, तिथून पुढे फिल्टर पेपर. तोही खड्यावर अधांतरी राहिला तर वाफेतूनच पाणी घेतो, आणि मातीच्या सक्शनमध्ये क्षारांचेही मिसळून एकूण सक्शन दाखवतो.

खडे झिजलेले, सच्छिद्र असतील तर १ टक्का गृहीत धरू नका. मूठभर खडे नमुन्यातून काढल्याबरोबर पुसून वजन करा, १०५ अंशांवर वाळवा आणि येईल तोच ओलावा सूत्रात घाला.